दुष्काळाची चाहूल आणि वेळीं केलेला उपाय

धरणीकंप किंवा वीज यांसारखीं संकटें माणसास सावध होण्यास क्षणाचाहि अवधि देत नाहींत. दुष्काळाची गोष्ट तशी नाहीं. मृग कोरडा गेला कीं पेरणी लांबते, मघा व उत्तरा रुसल्या कीं खरीप करपतो, आणि हस्त न पडल्यास रब्बीची ज्वारी व विहिरींचें पाणी या दोहोंचीहि आशा संपते. इतकें झाल्यावरहि दाणा, चारा व पाणी यांची खरी वाण पडावयास आमच्या दख्खनच्या पठारावर माघ-फाल्गुन उजाडावा लागतो. म्हणजे संकटाची पहिली चाहूल व प्रत्यक्ष संकट यांमध्यें चार-सहा महिन्यांचा अवकाश असतो. एवढा अवकाश हातीं असूनहि गेल्या दोन शतकांत ह्या देशांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं, व पाण्यासाठीं गांव सोडण्याची पाळी लोकांवर अगदीं अलीकडेहि आली. याचें कारण काय, हा प्रश्न प्रत्येक जाणत्या शेतकऱ्यानें स्वतःस विचारण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखक तहसील कचेरींत महसूल खात्याची कारकुनी करून निवृत्त झालेला आहे. पावसाचीं पत्रकें, पैसेवारीचे तक्ते व टंचाईचे अर्ज वर्षानुवर्षें त्याच्या हातांखालून गेले. ते कागद पाहून व मागील दुष्काळांचा इतिहास वाचून त्याचें असें मत झालें आहे कीं, सूचना मिळालीच नाहीं असें फारसें कधीं घडलें नाहीं. सूचना मिळते, परंतु अमुक झालें कीं अमुक करावयाचें, असें आधीं ठरलेलें नसल्यामुळें ती नुसती बातमी होऊन राहते. हें मत कितपत खरें आहे, तें वाचकांनीं पुढील हकीकतींवरून पाहावें.

ओरिसाचा दुष्काळ

या बाबतींत सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्या प्रांताबाहेरचें, ओरिसाचें आहे. १८६५ सालीं तेथें पावसानें सप्टेंबर महिन्यांतच पाठ फिरविली. प्रांताचें मुख्य पीक भात. तें ऐन दाणा भरण्याच्या वेळीं वाळलें. लवकरच तांदळाचे भाव चढूं लागले व बाजारांत माल दिसेनासा झाला. १८६६ च्या आरंभीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं बाहेरून तांदूळ आणण्याची परवानगी मागितली. कलकत्त्याच्या रेव्हेन्यू बोर्डानें ती नाकारली. भाव चढले म्हणजे व्यापारी आपण होऊन धान्य आणतील, सरकारनें त्यांत पडूं नये, असा त्या काळच्या अर्थशास्त्राचा दंडक होता. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर सेसिल बीडन हे स्वतः फेब्रुवारींत ओरिसांत जाऊन आले. तरी त्यांस संकटाचें खरें रूप उमगलें नाहीं.

अखेर धान्य धाडण्याचें ठरलें तेव्हां मे महिना संपत आला होता व पावसाळा तोंडावर होता. त्या काळीं ओरिसांत रेल्वे नव्हती व बारमाही रस्तेहि नव्हते. समुद्राचा मार्ग काय तो उरला होता, आणि पावसाळ्यांत त्या किनाऱ्यावर जहाजांतून माल उतरविणें अत्यंत दुर्घट. तांदूळ निघाला, परंतु भुकेल्या गांवांपर्यंत तो वेळेवर पोहोंचूं शकला नाहीं. अदमासें दहा लाख माणसें, म्हणजे त्या विभागाच्या लोकसंख्येचा सुमारें तिसरा हिस्सा, या दुष्काळांत मृत्युमुखीं पडली. पुढील वर्षीं धान्य मुबलक आणलें गेलें, तेव्हां खाणारे उरले नव्हते.

येथें पैसा नव्हता असें नाहीं, जहाजें नव्हतीं असेंहि नाहीं. जानेवारींत जो तांदूळ सहज उतरला असता, तो जूनमध्यें उतरेना, एवढाच काय तो फरक. प्रत्येक उपायास एक शेवटची तारीख असते व ती कचेरीच्या सोयीनें ठरत नाहीं, ऋतुमानानें ठरते. आमच्याकडे चाऱ्याची तारीख निराळी, पाण्याची निराळी व बियाण्याची निराळी. परंतु अशी तारीख प्रत्येकास आहेच.

खर्च दिसतो, टळलेलें संकट दिसत नाहीं

ओरिसाच्या अनुभवानें सरकार सावध झालें. १८७३ सालीं बंगाल व बिहार प्रांतांत पाऊस अपुरा झाला, तेव्हां सरकारनें वाट पाहिली नाहीं. ब्रह्मदेशांतून साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ आणविला, रस्त्यांचीं व तलावांचीं कामें काढलीं, व ज्यांस काम होईना त्यांस घरपोंच धान्य दिलें. या कामीं सर रिचर्ड टेंपल हे प्रमुख होते. भूकबळी जवळजवळ पडलेच नाहींत. हिंदुस्थानच्या इतिहासांत इतका वेळेवर केलेला बंदोबस्त क्वचितच सांपडेल.

परंतु त्याचें फळ काय मिळालें ? पुष्कळ तांदूळ शिल्लक राहिला, खर्च कोट्यवधि रुपयांचा झाला, आणि विलायतेंत व कलकत्त्यास टेंपलसाहेबांवर उधळेपणाचा आरोप आला. लोक वांचले याचें कौतुक मागें पडलें. संकट टळलें, म्हणून तें मुळांत आलेंच नव्हतें, असें लोकांस वाटूं लागलें.

यानंतर तीनच वर्षांनीं, १८७६ सालीं, मुंबई व मद्रास इलाख्यांत व म्हैसूर संस्थानांत भयंकर अवर्षण पडलें. आपल्याकडे सोलापूर, विजापूर, अहमदनगर, पुणें व सातारा या भागांस त्याची झळ विशेष लागली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं त्याच टेंपलसाहेबांस काटकसरीची ताकीद देऊन पाहणीवर धाडलें. बिहारांत हात सैल सोडल्याबद्दल ज्यांनीं बोल खाल्ले होते, त्यांनीं या खेपेस हात इतका आखडला कीं, दुष्काळी कामावरील पुरुष मजुरास दिवसास एक पौंड, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम, धान्य व एक आणा एवढीच मजुरी ठरविली. इतक्या अन्नावर श्रम करणाऱ्याचा देह टिकत नाहीं, असें मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं बजाविलें. आमच्या इलाख्यांतील हजारों मजुरांनीं ह्या दरावर कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली. पण काळ निघून गेला होता. १८७६ ते १८७८ या काळांत ब्रिटिश मुलखांतील मृत्यूंचा दुष्काळ कमिशनचाच अंदाज पन्नास लाखांहून अधिक आहे.

ह्या दोन प्रसंगांतून जी गोष्ट ध्यानांत येते ती आपल्या गांवासहि लागू आहे. वेळेवर केलेल्या खबरदारीचा खर्च डोळ्यांस दिसतो. तिनें टाळलेली हानि कोणासच दिसत नाहीं. ज्या सरपंचानें कार्तिकांतच पाणी राखून ठेवण्याचा ठराव करून घेतला, त्यास चैत्रांत कोणी धन्यवाद देत नाहीं. उलट, "उगाच ऊंस लावूं दिला नाहीं" असे बोल त्यास ऐकावे लागतात. यास्तव एका माणसाच्या धैर्यावर अशी गोष्ट सोंपवून चालत नाहीं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं सरकारी कोठार भुकेल्यांस खुलें केलें ही कथा आपण मोठ्या आदरानें सांगतों. परंतु धन्याची आज्ञा मोडून व जिवावर उदार होऊन लोकांस दाणा द्यावा लागतो, ही व्यवस्थेची उणीवच होय. कोठार केव्हां उघडावें हें आधीं लिहून ठेवलें असतें, तर सामान्य कारकुनासहि तें उघडतां आलें असतें.

लिहून ठेवलेला नियम

हाच विचार पुढें कायद्याच्या रूपानें आला. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशननें १८८० सालीं आपला अहवाल दिला, व त्यावरून १८८३ सालीं दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार होऊन प्रत्येक प्रांतानें आपापली संहिता केली. तिची मुख्य कल्पना साधी होती. कोणतीं लक्षणें दिसलीं असतां सावध व्हावें, हें आधींच नमूद करावें : पावसाची ओढ, धान्याच्या भावाची उसळी, सावकारांनीं कर्ज देणें थांबविणें, लोकांचें गांव सोडून भटकणें, किरकोळ चोऱ्यांची वाढ. अशीं लक्षणें दिसतांच प्रथम परीक्षेदाखल एकादें खडीचें काम काढावें. कष्टाच्या व थोड्या मजुरीच्या त्या कामावर लोक गर्दी करूं लागले, तर संकट खरें आहे असें समजावें व मोठीं कामें उघडावीं. त्यासाठीं कामांची यादी प्रत्येक जिल्ह्यांत सुकाळांतच तयार ठेवावी. पुढें १९०१ च्या कमिशननें आणखी एक मर्म सांगितलें कीं, लोकांचा धीर खचण्यापूर्वीं तगाई व सूट यांची घोषणा करावी. कारण एकदां धीर खचला, बैल विकले गेले व घर मोडलें, म्हणजे मागाहून दिलेल्या मदतीनें संसार पुन्हां उभा राहत नाहीं.

नियम झाला म्हणून तो आपोआप अमलांत आला असें मात्र नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं "केसरी"तून या संहितेंतील कलमें लोकांस समजावून दिलीं व आपला हक्क अर्ज करून मागण्यास सांगितलें. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडीं फिरले. सरकारास हें रुचलें नाहीं, व १८९७ सालीं त्या सभेस दिलेली मान्यता काढून घेण्यांत आली. तरी त्या चळवळीनें एक गोष्ट सिद्ध केली कीं, नियम सरकारच्या कपाटांत असून भागत नाहीं, तो रयतेच्या तोंडीं असावा लागतो.

याउलट १९४३ सालीं बंगालमध्यें घडलें. संहिता पुस्तकांत छापलेली होती. परंतु दुष्काळ पडला आहे असें जाहीरच करण्यांत आलें नाहीं. जाहीर केला असता तर संहितेप्रमाणें प्रत्येकास ठराविक शिधा देण्याचा बोजा सरकारवर आला असता. तेथें सूचना आकाशानें थोडी व बाजारानें अधिक दिली होती. १९४२ च्या आरंभीं ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेल्यानें तिकडचा तांदूळ बंद झाला, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेदिनीपूरकडे मोठें वादळ झालें, युद्धाचा खर्च वाढला, आणि तांदळाचा भाव मजुराच्या आवांक्याबाहेर गेला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेतें पडूं लागल्यावर "स्टेट्समन" पत्रानें ऑगस्ट १९४३ मध्यें त्यांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां कोठें राज्यकर्त्यांस जाग आली. सरकारी चौकशी मंडळानें मृतांचा अंदाज पंधरा लाख केला. पुढील अभ्यासकांनीं तो याहून बराच अधिक, तीस लाखांपर्यंत, धरला आहे. प्रा. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या दुष्काळाची मीमांसा करून दाखविलें कीं, धान्याचा साठा किती आहे हें पाहून पुरत नाहीं. तें विकत घेण्याचें बळ कोणाच्या हातीं उरलें आहे, हें पाहावें लागतें. शेतमजूर, कोळी, कारागीर हे प्रथम बळी पडले, हें विसरतां कामा नये.

महाराष्ट्राचा अनुभव

१९७० पासून ओळीनें पाऊस तुटीचा होऊन १९७२-७३ सालीं महाराष्ट्रावर जो दुष्काळ आला, तो ज्यांच्या वडीलधाऱ्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्याचें वर्णन सांगणें नको. मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडण्याचीं व पाझर तलावांचीं कामें हे शब्द अजून घरोघर ऐकूं येतात. धान्याचा तुटवडा फार मोठा होता. तथापि मजुरीचीं कामें सर्वत्र उघडण्यांत आलीं, व मे १९७३ च्या सुमारास कामावरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली. हातीं मजुरी आल्यामुळें लोकांस दाणा विकत घेतां आला, आणि पूर्वींच्या दुष्काळांत जसा संहार झाला तसा या खेपेस झाला नाहीं.

इतकीं कामें एकदम कशीं उघडतां आलीं, याचेंहि कारण आहे. विधान परिषदेचे सभापति कै. वि. स. पागे यांनीं मागेल त्यास काम देण्याची योजना पूर्वींच मांडली होती, व सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें १९६५ सालीं तिचा प्रयोगहि करून पाहिला होता. विचार तयार होता, प्रयोग झालेला होता. म्हणून संकट येतांच तो हातीं धरतां आला. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला, आणि त्याच धर्तीवर २००५ सालीं सर्व देशासाठीं कायदा करण्यांत आला.

अन्नाच्या बाबतींत जी शिस्त आपण मिळविली, ती पाण्याच्या बाबतींत मात्र अद्याप अंगीं बाणलेली नाहीं. २०१४ व २०१५ हे दोन्ही पावसाळे मराठवाड्यांत तुटीचे गेले. मांजरा धरण आटलें, आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें. पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी आलें. ज्यांनीं तें काम तडीस नेलें त्यांचें श्रम मोठे. परंतु धरण एका रात्रींत आटत नाहीं. पाणसाठ्याचा आकडा रोज लिहिला जात असतो. तो आकडा कोठवर उतरला म्हणजे कोणतें पाणी कोणत्या कामास बंद करावयाचें, हें आधीं ठरवून पाळलें असतें, तर आगगाडीची वेळ पुढें ढकलतां आली असती, असें म्हणण्यास जागा आहे.

आजची सरकारी रीत

पूर्वीं पिकाचें मान आण्यांत काढीत, म्हणून आणेवारी. आतां तें पैशांत काढतात, म्हणून पैसेवारी. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी म्हणजे टंचाईची स्थिति, ही खूण शेतकरी वर्गास ठाऊक आहेच. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर व अंतिम डिसेंबरांत, असा हा क्रम आहे. यांत दोष असा कीं, अंतिम आकडा हातीं येईपर्यंत पीक निघून गेलेलें असतें.

म्हणून केंद्र सरकारनें २०१६ सालीं नवीन दुष्काळ-संहिता केली. तींत पावसाची तूट व पावसांतील खंड ही पहिली खूण धरली आहे. त्यानंतर उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ, जमिनींतील ओल, पेरणीचें क्षेत्र, भूजल व जलाशयांतील साठा हीं लक्षणें पाहावयाचीं, आणि शेवटीं निवडक गांवांत प्रत्यक्ष शेतांत जाऊन खात्री करावयाची. खरिपाचा दुष्काळ ३० ऑक्टोबरपर्यंत व रब्बीचा ३१ मार्चपर्यंत जाहीर व्हावा अशी अपेक्षा आहे. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो याच रीतीनें.

ही रीत पूर्वींपेक्षां पुष्कळ बरी आहे. परंतु उपग्रहास शेतांतील हिरवें दिसतें, घरांतील रितें मडकें दिसत नाहीं. पर्जन्यमापक केंद्र महसूल मंडळास एक. त्या मंडळांत गांवें अनेक. आणि आमच्याकडील पाऊस असा कीं, ओढ्याच्या एका थडीस पडतो व दुसऱ्या थडीस पडत नाहीं. मंडळाच्या ठिकाणीं सर पडली तर आसपासच्या कोरड्या गांवांचीहि गणना ओल्यांत होते. येथें गांवाची स्वतःची नोंद नसेल, तर तक्रारीस आधार तो कसला ?

गांवानें काय करावें

कचेरींत बसून एक गोष्ट वारंवार पाहण्यांत आली. टँकरचे अर्ज चैत्र-वैशाखांत एकाच आठवड्यांत ढिगानें येत. अर्ज आला म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीचा अभिप्राय, जागेवर संयुक्त पाहणी, मग मंजुरी, मग टँकर भरण्यासाठीं विहीर अधिग्रहण. प्रत्येक पायरी आवश्यक, पण तोंवर गांवच्या बायका कोसभर चालून पाणी आणीत. वस्तुतः टंचाईचा कृति आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च व एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा होत असतो. ज्या गांवाची मागणी ऑक्टोबरांतच आंकड्यांनिशीं आली, त्याचें नांव आराखड्यांत आधींच असे. ज्याची आली नाहीं, त्याचें प्रकरण कोऱ्या कागदापासून सुरूं होई. "बैल गेला आणि झोपा केला" ही म्हण आपण दुसऱ्यास लावतों; ती आपणांस लागूं नये म्हणून पुढील गोष्टी कराव्या.

पहिली गोष्ट, प्रत्येक गांवानें शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारांत पर्जन्यमापक ठेवून पाऊस रोज सकाळीं ठराविक वेळीं लिहावा. पावसाचा आकडा व कोरडे दिवस, दोन्ही लिहावे.

दुसरी, गांवांतील पांच-सहा विहिरी निवडून त्यांच्या पाण्याची पातळी दोर टाकून मोजावी. पोळा, कोजागिरी, संक्रांत व पाडवा हे चार दिवस सर्वांच्या लक्षांत राहण्याजोगे आहेत. तीन-चार वर्षांचे आकडे जमले, म्हणजे कोजागिरीचा आकडा पाहून पाडव्याची स्थिति सांगतां येते.

तिसरी, बाजाराची नोंद ठेवावी. कडब्याचा शेकडा वाढत चालला व बैलजोडीची किंमत उतरत चालली, हीं दोन्ही एकदम घडूं लागलीं कीं समजावें, लोकांनीं दावणी रित्या करावयास आरंभ केला. जनावर आधीं विकणाऱ्यास चार पैसे मिळतात, मागाहून विकणाऱ्यास कातड्याचेंहि मोल येत नाहीं. चारा छावणीची वाट न पाहतां चाऱ्याचें पीक घेण्याची वेळ तीच होय.

चौथी, व ही सर्वांत महत्त्वाची : माणसांची नोंद ठेवावी. आपण जमीनधारक आहों; आपल्या कणगींत मागील साल थोडें तरी असतें. ज्यास जमीन नाहीं त्याची मजुरी पहिल्याच कोरड्या महिन्यांत बुडते. मजूर भाद्रपदांत उचल मागावयास येतो, ऊंसतोडीच्या मुकादमाकडून नेहमींपेक्षां अधिक कुटुंबें उचल घेतात, म्हातारींना व मुलांनाहि बरोबर नेतात, शाळेच्या हजेरीपटांत खाडे वाढतात, सोनाराकडे डोरलें गहाण पडतें. हीं लक्षणें कोणत्याहि उपग्रहास दिसत नाहींत. तीं आपल्या ओसरीवर येऊन उभीं राहतात. तीं पाहिल्यावर ग्रामसभेनें रोजगाराच्या कामांची मागणी लेखी करावी, आणि तिची पोंच घ्यावी.

पांचवी, रेषा आधीं आंखावी. विहिरींची पातळी कोजागिरीस अमुक हातांखालीं असल्यास उन्हाळी पीक नाहीं, त्याहून खालीं असल्यास नवा ऊंस नाहीं, व सर्वांत खालीं असल्यास पिण्याच्या पाण्याखेरीज उपसा नाहीं, असा ठराव पाऊस सुरूं होण्यापूर्वींच करून ठेवावा. पाणी कमी झाल्यावर ठराव करूं गेल्यास ज्याचा ऊंस उभा असतो तो अडून बसतो. पाऊस पडण्यापूर्वीं कोणाचा ऊंस वाळणार हें कोणासच ठाऊक नसतें, म्हणून निवाडा निःपक्षपातीपणें होतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं हीच रीत चालत आली आहे. पावसाळ्याअखेर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडावयाचा, आणि त्यावरून कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ठरवावयाचें. ऊंस व केळी यांसारख्या पिकांस व शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास तेथें मनाई ठेवली गेली. तें गांव अवर्षणाच्याच पट्ट्यांतलें आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

सहावी, ई-पीक पाहणी चुकवूं नये. २०२१ सालापासून पिकाची नोंद शेतकऱ्यास मोबाइलवरून स्वतः करतां येते. नोंद न केल्यास उताऱ्यावर पीकच दिसत नाहीं, आणि जें पीक कागदावर उगवलेंच नाहीं तें बुडालें हें सिद्ध करणें कठिण जातें.

खोटी हांक

या सर्वांस एकच पथ्य आहे, तें सचोटीचें. दरसाल पैसेवारी कमी लावून घ्यावी, पाऊस पडला तरी पडला नाहीं म्हणावें, असा मोह गांवोगांव होतो. त्यानें एका वर्षाची सूट मिळेलहि. परंतु "लांडगा आला" असें रोज ओरडणाऱ्या पोराची जी गत झाली ती गांवाच्या शब्दाची होते. खऱ्या दुष्काळांत कचेरी त्या गांवाचा कागद शेवटीं वाचते. उलट ज्या गांवानें सुकाळ असतां "यंदा ठीक आहे" असें लिहून दिलें, त्याच्या "यंदा नाहीं" या दोन शब्दांस वजन येतें. वहींत चांगल्या वर्षांचे आकडेहि असावे ते यासाठींच.

कोणी म्हणेल, इतकें करून पाऊस मागाहून पडला तर सारी खटपट फुकट गेली. ती फुकट गेली तर आनंदच मानावा. राखून ठेवलेला कडबा पुढील सालीं उपयोगीं पडतो. विहिरींत राहिलेलें पाणी कोणी चोरून नेत नाहीं. न घेतलेल्या एका उन्हाळी पिकाचें नुकसान मोजतां येतें व भरूनहि निघतें. दावणीवरून गेलेला बैल, शाळेंतून काढलेलें मूल व गांव सोडून गेलेलें कुटुंब यांचें नुकसान भरून निघत नाहीं. दोन पारड्यांत हीं दोन नुकसानें घालून पाहावीं, म्हणजे थोड्या अनावश्यक खबरदारीचें भय वाटणार नाहीं.

आपल्या संघाच्या सभासदांनीं निदान एवढें करावें कीं, येत्या कोजागिरीस आपापल्या गांवच्या विहिरी मोजून तो आकडा ग्रामसभेंत वाचून दाखवावा व वहींत उतरवून घ्यावा. शंभर पानांची एक वही, एक दोर व एक पर्जन्यमापक यांस फारसा खर्च नाहीं. वही कोणाच्या हातीं द्यावयाची हें मात्र त्याच सभेंत नांव घेऊन ठरवावें. कारण जें काम सर्वांचें म्हणून सोडलें जातें, तें बहुधा कोणाकडूनच होत नाहीं.